शिडी गंजू द्या, रिपोर्ट पास होतो

गेल्या आठवड्यात एका मॅनेजरसाहेबांनी मला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली, खाली दोनच शब्द, "शिका काहीतरी", आणि पुढे एक अंगठा. मी तेरा वर्षं चिमण्यांवर चढतोय. स्टॅक मॉनिटरिंग म्हणतात आमच्या कामाला, म्हणजे कारखान्याच्या चिमणीला वर एक भोक असतं त्यात नळी घालायची, धूर ओढायचा, त्यात धूळ किती, सल्फर डायऑक्साइड किती ते मोजायचं, आणि तो आकडा पुढे कारखान्यामार्फत प्रदूषण मंडळाकडे जातो. एवढं सगळं करून तेरा वर्षांत जे डोक्यात शिरलं नाही ते त्या एका पीडीएफने शिरवलं. तर साहेबांची आज्ञा शिरसावंद्य, शिकलो, आणि शिकलेलं तुमच्यासारख्या होतकरू कारखानदारांना फुकट वाटतोय. कन्सल्टंटचे पैसे वाचवा.

सुरुवात शिडीपासून करा. लोक उगाच बॅग फिल्टर, स्क्रबर असल्या धूर साफ करायच्या गोष्टींवर लाखो रुपये घालतात. कशाला? चिमणीच्या शिडीला रंग मारू नका, वेल्डरला तिकडे फिरकू देऊ नका, तीन-चार पावसाळे नुसते जाऊ द्या. आपल्याकडचा पाऊस आणि तुमच्याच चिमणीतून खाली उतरणारं ॲसिड, दोघं मिळून काम फत्ते करतात. आता नियम असा आहे की धूर जिथे वळतो किंवा चिमणीत शिरतो तिथून वर आठ व्यास आणि चिमणीच्या तोंडापासून खाली दोन व्यास अंतर सोडून भोक पाडायचं, कारण धूर सरळ वाहत असेल तरच मोजमापाला अर्थ. म्हणजे भोक चांगलं चार-पाच मजले उंचावर येतं. तिथला प्लॅटफॉर्म असा ठेवा की पाय टेकला की पत्रा वाकला पाहिजे. कठडा एका बाजूने असला तरी चालतो. त्या भोकाच्या, म्हणजे पोर्टच्या, झाकणाचे नटबोल्ट गंजून एकजीव झालेले हवेत. आणि वर लाइटचा पॉइंट अजिबात नको, पंप चालवायला एक्स्टेन्शन मागितलं की सांगायचं, इलेक्ट्रिशियन जेवायला गेलाय. सकाळी दहाला सांगितलं तरी चालतं.

याचा फायदा काय? पंचवीस किलोची किट घेऊन आलेला माणूस एकदा वर बघतो, एकदा घड्याळाकडे बघतो, आणि मग स्वतःच हळूच विचारतो, "साहेब, मागच्या वेळचे आकडे आहेत का हो?" झालं तुमचं काम.

त्याआधी गेटवर दोन तास बसवा. गेटपास, आधार कार्डची झेरॉक्स, मोबाइल जमा. सेफ्टीचा व्हिडिओ मात्र न चुकता दाखवा, त्यात तो हसरा माणूस सांगतो ना की उंचीवर काम करताना हार्नेस लावा, जीव अमूल्य आहे. तो पूर्ण बघायला लावा आणि मग त्या शिडीवर पाठवा.

या दोन तासांत आत काय करायचं ते बॉयलर ऑपरेटरला बरोबर कळतं. कन्सेंटच्या, म्हणजे मंडळाच्या परवानगीच्या, कागदावर ब्रिकेट, म्हणजे भुश्याचे दाबून केलेले ठोकळे, लिहिलंय ना, मग आज ब्रिकेटच. गोणी फोडा, वास येऊ द्या भुश्याचा, पाहुण्याला प्रसन्न वाटतं. बाकीचे ३६४ दिवस त्या भट्टीत चपलांचं कटिंग जातं का प्लास्टिकचा कचरा जातो का अजून काय, ते शेडच्या मागे ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं असतं, आम्हाला दिसत नाही. म्हणजे दिसतं.

बॉयलरचा लोड अर्ध्यावर. रजिस्टरला फुल.

स्क्रबरचा पंप वर्षातून दोनदा चालवला तर त्याची मोटर चांगली टिकते.

आता थोडं तांत्रिक, कारण एखादा नवा पोरगा खरोखरच वर चढून बसला तर तुम्हाला माहिती हवी. त्याच्या नळीच्या टोकाला नोझल असतं आणि आत थिंबल, म्हणजे काचतंतूची पांढरीशुभ्र बोटभर टोपी. धूर तिच्यातून जातो, धूळ तिच्यात अडकते. आधीचं वजन, नंतरचं वजन, मधला फरक म्हणजे तुमची धूळ, मिलिग्रॅममध्ये. आता गंमत अशी की चिमणीत धूर ज्या वेगाने वर चाललाय बरोबर त्याच वेगाने तो नोझलमध्ये शिरला पाहिजे, त्याला आयसोकायनेटिक म्हणतात. त्यासाठी आधी पिटो ट्यूबने वेग काढायचा, तापमान घ्यायचं, ओलावा काढायचा, गणित करायचं आणि मग पंप सेट करायचा, तेही एका जागी नाही, चिमणीच्या व्यासावर ठरलेल्या बिंदूंवर नळी सरकवत सरकवत. हे सगळं शंभर-दीडशे डिग्रीच्या धुराशेजारी उभं राहून. त्याऐवजी पंप सरळ जोरात सोडला तर? आजूबाजूचा हलका वायू वळून आत येतो, जड कण आपल्या वाटेने सरळ वर निघून जातात, आणि थिंबल राहते गोरीपान. तेव्हा पोराला म्हणायचं, "अरे वाढव जरा, लवकर आटप, शिफ्ट सुटायची वेळ झाली." आणि फॅनकडचा डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, थोडा उघडा ठेवा, बाहेरची हवा मिसळली की धूर पातळ. हा चावटपणा पकडण्यासाठीच छोट्या बॉयलरची धूळ १२ टक्के कार्बन डायऑक्साइडवर आणून मोजायची असं नियमात लिहिलंय, पण रिपोर्टातला तो रकाना कोण वाचतो? मी आजवर वाचताना कोणाला बघितलं नाही.

मोठे कारखाने असाल तर तुमचं दुःख वेगळं. केंद्रीय मंडळाने २०१४ च्या फेब्रुवारीत आदेश काढला आणि जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर ऑनलाइन मीटर लावायला लावले, चोवीस तास आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर. घाबरू नका. आदेश मंडळाचा, पण मीटर बसवणारा व्हेंडर तुमचा, कॅलिब्रेशन करणारा तुमचा आणि त्याचं बिल पास करणारेही तुम्हीच. मीटरची रेंज धुळीच्या मर्यादेवर, दीडशेवरच संपवली की आकडा दीडशेच्या वर जाणार कसा बिचारा. रात्री दोनला "मेंटेनन्स". मी एका कंट्रोल रूममध्ये ती रेघ बघितलीय, आयसीयूत अशी रेघ दिसली तर नातेवाईकांना बोलावतात.

शेजारपाजारचे वासाची तक्रार करतील. करू द्या. वास रात्री दोनला येतो, साहेब हुंगायला सकाळी अकराला येतात. फक्त एक पथ्य पाळा, रंग टाळा. डोंबिवलीत २०१४ ला हिरवा पाऊस पडला, २०२० ला रस्ता गुलाबी झाला, तळोज्यात २०१७ ला कुत्री निळी झाली, लगेच कॅमेरे आले, मंत्री आले. बिनरंगी असेल ते रोज चालतं.

फॉर्म पाच, म्हणजे वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र, ३० सप्टेंबरच्या आत. मागच्या वर्षीचाच, फक्त साल बदला. एकजण बदलायला विसरला होता, त्याचंही काही बिघडलं नाही म्हणा.

आणि समजा सापडलातच, तर पूर्वी हवा कायद्यात दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंत आत जायची सोय होती, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती अडचणही काढली. आता दहा हजार ते पंधरा लाख दंड. बॅग फिल्टरचं कोटेशन शेजारी ठेवून बघा काय परवडतंय.

पण हे सगळं राहू दे बाजूला. खरी गुरुकिल्ली म्हणजे लॅब. लॅब नीट निवडलीत तर शिडी, ब्रिकेट, डॅम्पर कशाचीच गरज नाही. तीन कोटेशन मागवा आणि सगळ्यात स्वस्त घ्या. ज्या पैशांत दोन माणसांचं जाणं-येणं, गाडी, थिंबल, केमिकल आणि अर्धा दिवस बसूच शकत नाही त्या पैशांत एखादा चिमणी करून देतो म्हणाला, की समजा तो चिमणी करणार नाही. त्याच्या भिंतीवर लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असतं, काळजी नसावी. पैसे कोण देतो? तुम्ही. पुढच्या वर्षी परत बोलवायचं का नाही हे कोण ठरवतं? तुम्ही. मग आकडा कोणाचा? हे मी मनाने सांगत नाही, गुजरातमध्ये २००९ ते २०११ मध्ये यावर चक्क प्रयोग झालाय, पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो त्यात होत्या. कारखान्यांनीच निवडलेल्या प्रदूषण-ऑडिटरांचे रिपोर्ट म्हणत होते की धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने ७ टक्के. मागाहून दुसऱ्यांना पाठवून मोजलं तर निघाले ५९ टक्के. आणि खोटे आकडे कसे, तर सगळे दीडशेच्या जरा खाली गर्दी करून बसलेले, लोकलच्या दारात बसतात तसे. मग त्यांनी काही कारखान्यांपुरता एवढाच बदल केला की ऑडिटर कारखान्याने निवडायचा नाही, तो चिठ्ठीने येणार, पैसे एका वेगळ्या फंडातून मिळणार आणि अधूनमधून फेरतपासणी होणार. तर तेच ऑडिटर खरे आकडे लिहायला लागले. धूरसुद्धा कमी झाला. म्हणजे रोगही माहीत आहे आणि औषधही. दहा-बारा वर्षं झाली ते छापून येऊन. आपल्याकडे अजून कोटेशन मागवतात, ईमेलच्या शेवटी लिहितात, "काइंडली ऑफर युवर बेस्ट रेट."

आता त्या पीडीएफबद्दल.

त्या दिवशी आम्ही त्या कारखान्यात होतो, मी आणि माझा हेल्पर. पोरगा बावीस वर्षांचा, गेल्या जूनमध्ये लागला, घरी अजून सांगितलेलं नाही की काम उंचीवरचं आहे. गेटवर सव्वाआठपासून दोन तास, मग व्हिडिओ. किट खाली दोराला बांधून ठेवली आणि पोरगा आधी रिकामा चढला, हार्नेस घालून, दोन हुक, एक काढायचा तेव्हा दुसरा लावलेला पाहिजे हे मी त्याच्याकडून घोटून घेतलंय. बारावी पायरी. त्याने वर हात घातला आणि पायरी हातात आली. तुटली असंही म्हणता येत नाही, पापडासारखी सुटली. ती खाली काँक्रीटवर पडली तो आवाज मला अजून येतो. पोरगा हुकावर लटकला, तीन-चार सेकंद असतील, मग पायाने खालची पायरी सापडली. वरून फक्त एवढंच ओरडला, "दादा, ही गेली."

मॅनेजरसाहेब आले. पायरी बुटाने बाजूला केली. आणि म्हणाले, "अहो पण तुम्हाला वर चढायला सांगितलं कोणी? मागच्या वेळचे आकडे आहेत की."

मी फील्ड शीटवर लिहिलं, शिडी असुरक्षित, सॅम्पलिंग झालं नाही. त्यांनी सही केली नाही. परत येईपर्यंत आमच्या ऑफिसातून दोन फोन, पार्टी जुनी आहे, बघ काहीतरी ॲडजस्ट होतंय का. मी नाही म्हटलं, पार्टी गेली. आणि चार दिवसांनी ही पीडीएफ. दुसऱ्या लॅबची. धूळ ११८, सल्फर डायऑक्साइड मर्यादेत, आयसोकायनेटिक ९८ टक्के. सॅम्पलिंगची तारीख तीच, आमची. वेळ साडेअकरा ते सव्वाबारा. साडेअकराला त्या चिमणीला बारावी पायरी नव्हती हो, ती माझ्या पायाशी पडली होती आणि पोरगा तुमच्या कँटीनच्या बाकावर साखरपाणी पीत बसला होता, ग्लास दोन हातांनी धरून.

शिका काहीतरी म्हणे.

तुम्हाला लाज कशी वाटत नाही? कारखाना बंद करा असं कोणी म्हणत नाहीये, मीही त्याच पट्ट्यात राहतो, माझं घर तुमच्याच धंद्यावर चालतं. पण तुमच्या कंपाउंडच्या मागच्या चाळीत बाया वाळत घातलेले कपडे परत धुतात, ते ११८ मुळे का? तो फिल्टर घेतलेला आहे ना तुम्ही, सबसिडीची फाइल मीच बघितलीय, मग त्याच्या पिशव्या बदलायला काय होतं? आणि लॅबवाले, तुम्ही, जे एसीत बसून थिंबलचं वजन मनाने लिहिता, तुमच्या सहीखाली एमएस्सी लिहिलेलं असतं, तीन दशांशांपर्यंत आकडा देता, तीन दशांश! मंडळातल्या साहेबांनी एकाच कारखान्याचे तीन वर्षांचे रिपोर्ट एकाखाली एक ठेवून बघावेत फक्त. ११६, ११८, १२१, ११८. खऱ्या बॉयलरची धूळ अशी शहाण्यासारखी वागत नाही. हे कळायला वर चढायला लागत नाही, टेबलावर बसूनही कळतं, कळून घ्यायचं असेल तर.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही कँटीनमध्ये बसून शीट भरल्यात, पावसात, सिनियर म्हणाला म्हणून, आणि नंतर सिनियर नव्हता तरी. किती ते मोजलेलं नाही. त्यातल्याच कुठल्या तरी खोट्या शीटमुळे कोणीतरी म्हणालं असेल की एवढी वर्षं माणसं चढतायत, शिडी ठीकच असणार.

साहेब, तुम्ही हे वाचाल, तुमच्या ग्रुपवर येईलच. रिपोर्टचं तुम्ही आणि ती लॅब बघून घ्या, मंडळाला मी माझ्या शीटची कॉपी आणि पायरीचा फोटो पाठवलाय. पण शिडी आजच वेल्डरला दाखवा. खालून बारावी, आणि तिच्या वरच्या तीनसुद्धा हलतायत.