बारावा शुभेच्छुक

माझा चेहरा वीतभराचा आहे. तो दीड फुटाचा झालेला मी पहिल्यांदा पाहिला गेल्या नोव्हेंबरात, सकाळी साडेसातला, मेसकडे पोह्यांसाठी जाताना. चौकात सिग्नलच्या खांबाला दहा बाय पंधराचा फ्लेक्स लागला होता. मधोमध भाऊ, हात जोडलेले, गळ्यात चेन, मागे उगवता सूर्य. आणि तळाला शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत उजवीकडून पहिला, म्हणजे मोजायला लागलं तर बारावा, मी. खाली नाव. नावाखाली ‘युवा उद्योजक’.

मी टीवायबीएला आहे. माझा एकमेव उद्योग म्हणजे मेसचे पैसे पंधरा तारखेपर्यंत लांबवणे.

फोटो एका मित्राच्या बहिणीच्या लग्नातला होता. मूळ फोटोत माझ्या हातात पापड आहे आणि मी त्याच्याकडे बघतोय. फ्लेक्सवाल्याने पापड कापला, पण पापडाकडे बघणारे डोळे तसेच राहिले. ती नजर आता शेजारच्या ‘उद्योगरत्न’ गृहस्थांच्या पोटावर रोखलेली होती.

मी तिथं कसा पोचलो हे सांगायचं तर आधी आमच्या कॉलेजच्या लोकशाहीबद्दल सांगावं लागेल. ती नाही. एवढंच.

म्हणजे बघा, घटनादुरुस्ती होऊन १९८९ पासून मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. देशाने पोरांवर विश्वास टाकला. आणि पुढच्या चार-पाच वर्षांतच महाराष्ट्राने कॉलेजांमधल्या थेट निवडणुका बंद करून टाकल्या. त्यामागे एका विद्यार्थी नेत्याचा खून होता, त्यावर विनोद करण्यासारखं काही नाही. पण परिणाम असा, की पंतप्रधान कोण असावा यात मला मत आहे, वर्गाचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, कोण असावा यात नाही. २०१६च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आल्या, कागदावर. २०१९ मध्ये वेळापत्रकसुद्धा निघालं. मग विधानसभा निवडणूक आली आणि आमची पुढे ढकलली गेली. पाहुणे आले की पोरांची पंगत मागे सरकते, तशी. पाहुणे जेवून गेले, ताटं धुऊन झाली, पोरं अजून बसलीयेत.

सरांनी आम्हाला लिंगडोह समितीही शिकवली. २००६ सालची. विद्यार्थी उमेदवाराने पाच हजारांच्या वर खर्च करायचा नाही, पोस्टर छापायचं नाही, हाताने काढायचं, आणि हजेरी किमान ७५ टक्के हवी. पाच हजारांपर्यंत वर्ग गंभीर होता. ७५ टक्क्यांना हसला. आमच्या वर्गात या अटीत बसणारे तिघेच, आणि त्यातले एक शिपाईमामा.

तर सीआर. आधी नियमाप्रमाणे पहिल्या नंबराच्या मुलीला नेमलं. तिने दोन दिवसांत राजीनामा दिला, कारण सीआरचं काम म्हणजे झेरॉक्सचे पैसे गोळा करणं हे तिला कळलं. मग सरांनी विचारलं, “कोण होणार?” वर्गात जी शांतता पसरली ती म्हणे परीक्षेतही नसते. शेवटी मागच्या बाकावरून कोणीतरी माझं नाव सुचवलं. मी त्या दिवशी आलोच नव्हतो, त्यामुळे विरोध करायला कोणी उरलं नाही. माझ्या गैरहजेरीत मी बिनविरोध निवडून आलो.

ही बातमी ज्या एकाच माणसाने मनावर घेतली तो म्हणजे अध्यक्ष. कशाचा अध्यक्ष ते कोणालाच माहीत नाही. तो आमच्या आधीच्या बॅचलाही होता, त्यांच्या आधीच्याही. गॅदरिंगचा साउंड, गणपतीची वर्गणी, हॉलतिकीट अडकलेल्यांचा अर्ज, सगळं त्याच्याकडे. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. “भावा, तुझ्यामागं साठ पोरं आहेत.”

माझ्यामागे साठ पोरं होती हे खरं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ‘असाइनमेंटची शेवटची तारीख’ असा मेसेज टाकला की त्यातली अठ्ठावन्न वाचून गप्प बसायची, एक अंगठा दाखवायचा आणि एक विचारायचा, “कसली असाइनमेंट?”

“भाऊंना तुला भेटायचंय,” अध्यक्ष म्हणाला.

भाऊ म्हणजे भावी नगरसेवक. पुणे महापालिकेची आधीची निवडणूक झाली फेब्रुवारी २०१७ मध्ये. मी तेव्हा सहावीत होतो, बार्शी तालुक्यात, आणि पुणे म्हणजे आत्याचं गाव एवढंच मला ठाऊक होतं. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आला, आणि निवडणूक आज होईल, उद्या होईल करत जवळजवळ चार वर्षं गेली. या चार वर्षांत भाऊंचे चार वाढदिवस झाले, चारही वेळा फ्लेक्सवर ‘भावी नगरसेवक’. इतकं, की बाहेरगावाहून आलेल्या आमच्यासारख्यांना ते त्यांचं नावच वाटायचं. माझा रूममेट त्यांना समोरासमोर ‘भावीभाऊ’ म्हणाला होता. ते नुसते हसले. सवय झाली असावी.

त्यांच्या ऑफिसात मला चहा मिळाला, बिस्किट मिळालं, आणि “काय लागलं तर सांग” हे वाक्य मिळालं. मला रूमचं डिपॉझिट लागत होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. निघताना अध्यक्षाने माझा डीपी डाउनलोड करून घेतला. पुढे कळलं की शुभेच्छुक अकरा झाले होते आणि रांग एका बाजूला रिकामी दिसत होती.

फ्लेक्स लागला सकाळी. दुपारी एकला आण्णांचा फोन. आमच्या गावचे एक काका दवाखान्यासाठी पुण्याला आले होते. रिक्षातून त्यांनी फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला, खाली तीन टाळ्या.

“आरं, तू उद्योजक कधी झालास?”

“आण्णा, तसं काही नाही. ते आपलं…”

“न्हाई, म्हंजे झाला असशील तर चांगलंच हाय. मग ह्या म्हयन्याचं पैसं लावून देऊ का नगं?”

मी सगळं समजावून सांगितलं. माझी संमती नव्हती, मी कोणत्याही पक्षात नाही, आणि माझं नावसुद्धा पुण्याच्या यादीत नाही. हे शेवटचं तर फारच खरं होतं. माझं मत गावाकडं. विधानसभेला, २० नोव्हेंबर २०२४ ला, मी ते देऊनही आलो होतो, स्वारगेटपासून उभ्याने. आण्णांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “त्ये कापड केवढं हाय?”

“दहा बाय पंधरा.”

“निवडणूक झाली की घिऊन ये. कडब्याच्या गंजीवर टाकाया बरं पडंल.”

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो तर सर हजेरी थांबवून म्हणाले, “या, उद्योजक.” पुढचे तीन महिने माझं तेच नाव होतं. एकदा कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर यादीतही कोणीतरी पेनाने माझ्या नावापुढे कंसात ‘उद्योजक’ लिहिलं होतं. अक्षर सरांचं वाटलं, पण खात्री नाही.

१५ डिसेंबरला निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. पुणे महापालिकेत जाहिरातफलकांचं काम बघणाऱ्या खात्याला आकाशचिन्ह विभाग म्हणतात. नाव ऐकून वाटतं इथं नक्षत्रांची नोंद होत असेल. त्यांची गाडी येणार या धास्तीने अध्यक्षाने रात्रीच फ्लेक्स उतरवला, गुंडाळला आणि माझ्या खाटेखाली आणून ठेवला. “तुझ्याकडं सेफ आहे,” म्हणाला. पुढचे अडीच महिने मी स्वतःच्याच दीड फुटी चेहऱ्यावर झोपलो.

मग एबी फॉर्मचे, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाचे, दिवस आले. कॉलेजात ज्या तन्मयतेने आम्ही रिझल्टची साइट रिफ्रेश करतो, त्याच तन्मयतेने भाऊ फोन रिफ्रेश करत होते. ३० डिसेंबर अर्ज भरायचा शेवटचा दिवस. ऑफिसात वीस माणसं, एक चार्जर. एका पक्षाचा निरोप आला की भिंतीवर एका नेत्याचा फोटो चढायचा, दुसऱ्याचा आला की तो उतरून दुसरा. दीड वाजेपर्यंत नुसता खिळा उरला. भाऊंनी अपक्ष अर्ज भरला. निशाणी मिळाली कपबशी.

अध्यक्ष खूश. “विषय संपला! प्रत्येक टपरीवर आपली फुकट जाहिरात.” मी रोज चार टपऱ्यांवर चहा पितो. काचेचा ग्लास असतो नाहीतर कागदी कप. बशी मी पुण्यात फक्त घरमालकांकडे पाहिलीये, आणि तीही लांबून. पण सीआरने गप्प बसावं.

प्रचाराला मी गेलो कारण मेसचे पैसे थकले होते आणि प्रचारात जेवण होतं. हे एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नका. ४१ प्रभागांमधून १६५ नगरसेवक निवडायचे, म्हणजे एक प्रभाग सोडला तर सगळीकडे एका मतदाराला एकाच वेळी चार मतं. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब गुलाबी, क पिवळी, ड निळी. आमचे भाऊ ड. हे लोकांना दारोदार समजावायचं काम आम्हा पोरांकडे. वाड्याच्या जिन्यावर एक आजी भेटल्या, हातात निवडलेली मेथी.

“चार मतं? एकाच बाईला?”

“हो आजी. आणि चारही दिल्याशिवाय मशीन वाजत नाही.”

“मग निळं तुमच्या भाऊंना देते. बाकीची तीन आमच्या यांना विचारून.”

“आजोबा आहेत का घरात?”

“ते जाऊन सहा वर्षं झाली.” मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, “तू तो फ्लेक्सवरचा ना? तिथं भुकेला दिसत होतास. थांब.” आणि त्यांनी मला अर्धी भाकरी आणि लसणाची चटणी दिली. अख्ख्या प्रचारात माझ्या फ्लेक्सचा उपयोग झालेला मी पाहिला तो एवढाच.

मतदान १५ जानेवारीला होतं, आदल्या दिवशी संक्रांत. प्रचार बंद झाला होता, त्यामुळे भाऊ भेटेल त्याला नुसतं “गोड बोला” म्हणत होते, आणि ते ऐकताना त्यांचं काळीज निळं झालंय असं वाटायचं. मतदानाच्या दिवशी आमच्या सरांना केंद्रावर ड्यूटी. मी बाहेर, शंभर मीटरच्या रेषेपलीकडे, टेबल टाकून मोबाइलवर लोकांची नावं शोधत होतो. एका घरातल्या चौघांची नावं तीन शाळांमध्ये निघत होती. दुपारी सर चहाला बाहेर आले. माझं स्वच्छ बोट बघून म्हणाले, “मत नाही इथं?” मी नाही म्हणालो. “आणि तरी इथं?” मी म्हणालो, “जेवण आहे, सर.” त्यांनी मान हलवली. “आम्हालाही पॅकेट आहे,” म्हणाले, “पण तुमच्यात काय आहे?” त्यांना मी आमच्यातली दोन पॅकेटं देणारच होतो, तेवढ्यात आचारसंहिता आठवून ते मागे सरले.

त्या दिवशी टीव्हीवर दिवसभर एकच वाद होता, बोटाला लावलेला मार्कर पुसला जातो का. आमच्या रूमवर मार्करच्या वादात कोणाला रस नव्हता. तिघांचीही मतं गावाकडं.

दुसऱ्या दिवशी निकाल. भाऊंना ८१९ मतं. डिपॉझिट गेलं. मला वाटलं ऑफिसात सुतक असेल. गेलो तर अध्यक्ष फ्लेक्सवाल्याला फोनवर मजकूर सांगत होता: “८१९ जागरूक मतदारांचे जाहीर आभार. हां. खाली भाऊंचं नाव. नावाच्या आधी ‘भावी’ टाक. अरे, जुनी फाइल आहे ना, त्यातलाच उचल.” मी दाराआडूनच परत फिरलो. शुभेच्छुक यावेळी किती झाले ते मला बघायचं नव्हतं.

होळीला घरी निघालो तेव्हा खाटेखालचा गुंडाळा काढला. एसटीत तो आडवा मावेना, उभा धरला तर टपाला टेकला. कंडक्टर म्हणाले, “लगेज लागंल. काय हाय?”

“फ्लेक्स.”

“कुणाचा?”

“माझा,” मी म्हणालो. खोटं नव्हतं, बारावा हिस्सा तरी होताच.

त्यांनी मला वरपासून चपलांपर्यंत बघितलं, आणि लगेजचं तिकीट फाडलं नाही. “बसा साहेब,” म्हणाले. बसायला जागा नव्हती, पण म्हणाले.

ज्वारी काढून झाली होती, गंज रचून तयार होती, आणि अवकाळीचं आभाळ भरत होतं. आण्णा आणि चुलत्यांनी कापड गंजीवर पसरलं. भाऊ बरोबर माथ्यावर आले, आकाशाकडे तोंड करून हात जोडलेले. शुभेच्छुकांची रांग बाजूने खाली लोंबली. कोपऱ्याला दगड बांधायचा म्हणून आण्णांनी दोरी माझ्या कानाशेजारच्या रिंगमधून ओवली. “ह्यो कोपरा तुझा हाय व्हय?” चुलत्यांनी विचारलं, आणि गाठ जरा जास्त घट्ट आवळली.

संध्याकाळी म्हैस सोडली. ती थेट माझ्या कोपऱ्याशी आली, मान खाली घालून कापडाखालून कडब्याची पेंढी ओढली आणि डोळे अर्धवट मिटून चघळायला लागली. वारा आला की कापड हलायचं. पापड कापला गेल्यापासून माझी नजर वाऱ्यावर होती. ती आता नेमकी तिच्या तोंडातल्या घासावर जाऊन स्थिरावली होती.