४ ओहम लावले म्हणून आवाज दुप्पट होत नाही

गणपती जवळ आले की नाशिकच्या मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, "८ ओहमचे स्पीकर काढा, ४ ओहमचे लावा, त्याच अँपवर आवाज दुप्पट, वीज पण वाचते आणि अँपला काही होत नाही." पोरं वर्गणीच्या पैशातून सामान घेतात हो, म्हणून हे लिहितोय. ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचा आकडा, आणि अँप म्हणजे अँप्लिफायर.

आधी आवाजाचं. अँप २० व्होल्ट देत असेल तर ८ ओहमला ५० वॅट जातात आणि ४ ओहमला १००, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे, पण वॅट दुप्पट झाले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे फरक कळतो एवढंच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट! आणि ते ३ डेसिबल पण अँपच्या पॉवर सप्लायमध्ये तेवढा करंट द्यायचा दम असेल तरच.

वीज वाचते हे तर साफ चुकीचं. जास्तीचा आवाज आला तो जास्त वीज ओढली म्हणूनच ना. एकच स्पीकर, फक्त कॉइल (आतली तारेची गुंडाळी) एकात ४ ओहमची आणि दुसऱ्यात ८ ची, तांबं दोन्हीत तेवढंच, तर एका वॅटला दोघांचा आवाज सारखाच येतो. लोक फसतात ते डब्यावरचा आकडा बघून, कारण सेन्सिटिव्हिटी (ठराविक वीज दिली की १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो आकडा) बऱ्याचदा २.८३ व्होल्टवर मोजलेली असते आणि तेवढ्या व्होल्टला ८ ओहमवाला १ वॅट घेतो, ४ ओहमवाला २. म्हणजे तिथे ४ ओहमचे ९३ आणि ८ ओहमचे ९० डेसिबल लिहिलेत तर दोघं एकाच लायकीचे. तसंही १ वॅटला ९० डेसिबल देणारा स्पीकर विजेचा एक टक्का पण आवाजात बदलत नाही, बाकी सगळी कॉइल तापवण्यात जाते.

अँपला काही होत नाही? करंट दुप्पट झाला की आउटपुट ट्रान्झिस्टर जास्त तापणार, आणि वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली की अँप तासन्तास बंद होत नाही. त्यात कोणी ४ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की लोड २ ओहम, मग अँप प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, नाहीतर उडतो. वायरचं पण बघा, जाऊन-येऊन अर्धा ओहम असेल तर ८ ओहमला साधारण ६ टक्के पॉवर वायरीतच जाते, ४ ओहमला ११.

अँपच्या मागे कमीत कमी किती ओहम चालतात ते छापलेलं असतं, त्याच्या खाली जाऊ नका. आणि स्पीकर घेताना १ वॅट १ मीटरचा आकडा विचारा, ९५ ऐवजी ९८ वाला मिळाला तर तेच ३ डेसिबल अँपवर काहीच लोड न वाढवता मिळतात.