सातबारा नसलेल्यानं वर यायचं कुठून?

सांगली-साताऱ्याकडच्या गावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "आपल्याकडं कारखाना सगळ्यांचा, टेंभू उपसा योजनेचं पाणी सगळ्यांना, रयत शिक्षण संस्थेची शाळा सगळ्यांना. विट्याकडची पोरं सातवी नापास होऊन गलाईत, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, करोडपती झाली. आता मागं राहिला तो आळसानंच."

एकेक मुद्दा घेऊ.

"कारखाना सगळ्यांचा." सहकारी कारखान्याचा उत्पादक सभासद व्हायला कार्यक्षेत्रात ऊस पिकवणारी जमीन लागते. ती कुणाकडं आली? 1 एप्रिल 1957 ला कूळकायद्यानं कसणारे मालक झाले खरे, पण कूळ म्हणून हक्क शाबीत झालेले. त्याच रानात रोजानं राबणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. म्हणून पुढं शेअर, सोसायटीचं पीककर्ज, निवडणुकीतलं मत, सभासदाची साखर यातलं काहीच त्याच्या घरात आलं नाही. आणि फडात ऊस तोडणारा माणूस तर या "सगळ्यां"त कुणी मोजतच नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जानेवारी 2024 मध्ये ठरलेला तोडणीचा दर टनाला 366 रुपये. जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते, मोळ्या बांधते, गाडी भरते. दोघांचे मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे. तेही हातात पडत नाहीत, हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत वळते होतात. आजारपणानं खाडा पडला, अवकाळी पावसानं फड बंद राहिला की टन कमी भरतात, उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात जावं लागतं. पहाटे अंधारात फडात उतरणाऱ्याला आळशी म्हणणाऱ्यानं एक मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढून बघावं.

"पाणी सगळ्यांना." टेंभूचं पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलून खानापूर, आटपाडीपर्यंत जातं, त्यानं रानं फिरली, द्राक्षं-डाळिंबं आली, हे कोण नाकारील? पण शेतीचं पाणी मिळतं जमिनीला. ज्याला रान नाही त्याला फार तर रोजगार मिळतो, आणि एखादा एकर घ्यायचा म्हटलं तर भाव आधीच हाताबाहेर गेलेला. हे असंच असावं लागतं असंही नाही. खानापूर तालुक्यातच येरळेवर बळीराजा धरण उभं राहिलं, तिथं पाण्याचा हक्क कुटुंबाला धरला, भूमिहीनालाही. मेसेज लिहिणाऱ्याला स्वतःच्या जिल्ह्यातलं हे उदाहरण आठवलं नाही.

गलाईचं म्हणाल तर कौतुक रास्तच आहे. दुष्काळानं बाहेर काढलेली ही माणसं देशभरच्या सराफ कट्ट्यांवर बसली. पण धंदा कसा चालतो ते बघा. जुन्या सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून मुशीत वितळवायचं, पाण्यात ओतून बारीक दाणे करायचे, मग ते शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक ॲसिडात) उकळायचे. चांदी-तांबं विरघळतं, सोनं भुकटी होऊन तळाशी राहतं. ते धुऊन पुन्हा वितळवायचं. उरलेल्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदी परत सुटते. भट्टीवरचं पोरगं हे बघून बघून शिकतं, शाळेचा दाखला लागत नाही. लागतो तो जामीन. सराफाचं सोनं परक्या पोराच्या हातात कोण देईल? म्हणून माणूस निवडला जातो भावकीतून, पाहुण्यांतून. ज्याच्या भावकीतलं कुणी आधी गेलेलं नाही, त्याला ही वाटच नाही. शिवाय तेजाबाचा तांबूस धूर वर्षानुवर्षं छातीत घेऊन गड्याच्या पगारावरच राहिलेले किती, ते मेसेजमध्ये येत नाहीत. गावाकडं बंगला बांधणारा तेवढा दिसतो.

"शाळा सगळ्यांना." रयत 1919 साली काल्यात सुरू झाली. 1924 साली साताऱ्यात तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांनी जे उभं केलं ते बोर्डिंग होतं: निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राहणारी, एका पंगतीत जेवणारी. गरिबाचं शिक्षण फीपेक्षा राहण्या-जेवणावर अडतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

आज त्यात कागदांची भर पडली आहे. राखीव जागेवरच्या प्रवेशाला लागणाऱ्या जातवैधता दाखल्यासाठी अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. शेतीवाल्या घराचा फेरफार, खरेदीखत तहसीलच्या दप्तरात सापडतं. पालावरचा आजा ना शाळेत गेला, ना त्याच्या नावे गुंठा. त्याचा पुरावा कोण देणार? अशा घरानं बारावीचा निकाल येईपर्यंत थांबू नये. अकरावीतच अभिलेख कक्षातून कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद काढावी, चुलत्या-आत्यांच्या शाळांतून जनरल रजिस्टरचा उतारा घ्यावा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता असेल तर वंशावळीसह तीही जोडावी. आडनाव दोन दाखल्यांत वेगवेगळं असेल तर त्याचं शपथपत्र सुरुवातीलाच द्यावं. जात पडताळणी समितीत प्रकरणं अशा ठिकाणीही अडतात.