कमी वापरलेला सूर्य विकणे आहे

रीफ टँकचा लाइट नवाकोरा, खोक्यातून स्वतः फोडून काढणारा माणूस मी डोंबिवलीत तरी अजून बघितलेला नाही. चांगल्या इम्पोर्टेड लाइटचा ड्यूटी-बिटी धरून जो आकडा होतो तो घरात मोठ्याने वाचायची सोय नाही, आणि चायनाचा काळा डब्बा घ्यावा तर त्याच्यावर १६५ वॅट छापलेलं असतं आणि मोजलं तर ओढतो शंभर-सव्वाशे, मग उरतं काय तर सेकंडहँड. आणि सेकंडहँड लाइट घेणं म्हणजे लाइट घेणं नाहीच, विकणाऱ्याची अख्खी कहाणी ऐकून घेणं आहे, लाइट त्याच्यावर फ्री मिळतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रीफ टँक म्हणजे तो डेंटिस्टकडे असतो तसला, गोल्डफिश आणि तोंड उघडणारी प्लॅस्टिकची मगरवाला टँक नव्हे. यात खारं पाणी असतं, ते पण आरओच्या पाण्यात विकतचं मीठ कालवून केलेलं (हो, समुद्र एवढा जवळ असून आम्ही मीठ पाकिटातनं आणतो, ठाण्याच्या खाडीचं पाणी एकदा नीट बघा म्हणजे कळेल का ते), आणि त्या पाण्यात कोरल असतं. कोरल दिसतं झाडासारखं पण आहे प्राणी. त्याच्या अंगात झूझॅन्थेली नावाचं एकपेशीय शैवाल भाड्याने राहतं आणि भाडं म्हणून साखर देतं, कोरलचं बरंचसं पोट त्याच्यावर चालतं. शैवालाला उजेड लागतो. उजेड कमी तर भाडं बंद, आणि उजेड एकदम जास्त झाला तर कोरल भाडेकरूलाच हाकलून देतं आणि स्वतः पांढरं पडतं. म्हणून एवढी सगळी मारामारी लाइटची.

आणि तो लाइट निळा. घरी आलेला प्रत्येक माणूस हे विचारतोच की निळा का. तर पाण्यात तांबडा रंग पहिल्या काही मीटरमध्येच संपतो, निळा खोलवर पोचतो. आपल्या विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, तिथे वीसेक मीटर खाली कोरल मजेत आहे आणि त्याला मिळतो तो बहुतेक निळाच उजेड, फुकट, बिल नाही मीटर नाही. आम्हाला तोच उजेड सेकंड फ्लोअरवर, हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी पाहिजे असतो.

तर जाहिराती. "फक्त ६ महिने वापरलेला" हे सगळ्यांत असतं, दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या मॉडेललासुद्धा. "रीझन फॉर सेल: शिफ्टिंग" म्हणजे बहुतेक टँक क्रॅश झालाय, एका रात्रीत सगळं मेलंय आणि घरात वास सुटल्यावर जे बोलणं झालं त्याच्यानंतरची ही जाहिरात आहे. "अपग्रेड करतोय" लिहिलं असेल तर लाइटमध्ये काहीतरी बंद आहे, बहुतेक निळं चॅनेलच, म्हणजे निळ्या दिव्यांची लाइनच. "हॉबी सोडतोय" ही सगळ्यात मोठी थाप, ती विकणाऱ्याला स्वतःला पण खरी वाटत असते. फोटो हमेशा रात्री काढलेला, सगळं जांभळं-निळं, त्यात लाइट दिसत नाही की टँक दिसत नाही, फक्त कोपऱ्यात कोणाचा तरी चप्पल घातलेला पाय.

पहिला मुलुंडचा. टी-फाइव्ह, म्हणजे बारीक ट्यूबलाइटच, चार फुटी, ५४ वॅटच्या सहा ट्यूब. माणूस चांगला होता, चहा दिला, लाइट लावून दाखवला, सहाच्या सहा लागल्या. आता टी-फाइव्हचं कसं असतं की ट्यूब लागते म्हणजे ती चांगली आहे असं नाही, नऊ-दहा महिने, फार तर वर्षभरात तिचा उजेड उतरतो आणि रंग पण सरकतो, आपल्या डोळ्यांना काही कळत नाही, शेवाळाला बरोबर कळतं. म्हणून टँकवाले ट्यूब लावली की टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवतात. मी ट्यूब जरा फिरवली. टोकं काळी पडलेली, आणि त्याच्याच अक्षरात "दिवाळी २०२१". मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "लावली तेव्हा, पण चालू कमी केली." मला हा जबाब इतका आवडला की मी पाचशे कमी करून फिक्स्चर घेऊन टाकलं.

ते रविवारी सकाळी लोकलने आणायचं होतं, मग लगेजच्या डब्यात चढलो. चार फुटाची काचेच्या ट्यूबची पेटी छातीशी उभी धरून. डब्यात कोळणी होत्या, पाट्या खाली ठेवून आरामात बसलेल्या, त्यातल्या एका मावशींनी ठाण्यापर्यंत माझ्याकडे बघून घेतलं आणि मग न राहवून विचारलं की हे काय रं, लग्नाचं डेकोरेशन काय? मी म्हणलं नाही मावशी, माशांसाठी लाइट आहे. त्या बाजूच्या मावशींकडे वळल्या, परत माझ्याकडे वळल्या, आणि म्हणाल्या, "मासळीला बरफ लागतो रं बाबा, लाइट कशाला?" अख्खा डबा हसला. मी जिवंत मासे, शोभेचे वगैरे सांगायला गेलो तर त्यांनी विचारलं कुठला मासा, मी म्हणलं क्लाऊनफिश, केवढा असतो, मी बोटाने दाखवला. "याच्यासाठी एवढी ट्यूबलाइट?" दिव्याला गाडी थांबली तेव्हा पण चर्चा चालूच होती.

फिक्स्चर घरी धड पोचलं, पण त्याला नवीन ट्यूब मिळेनात. लॅमिंग्टन रोडला दुकानदार चार फुटी टी-फाइव्ह म्हणल्यावर लगेच काढतो, पण ती २८ वॅटची, फॉल्स सीलिंगची, लांबी तंतोतंत तीच त्यामुळे खोबणीत बसते पण, आणि निळी पाहिजे म्हणलं तर म्हणतो आहे ना, गणपती डेकोरेशनला नेतात सगळे. ऑनलाइन मागवाव्यात तर सहा ट्यूबच्या पैशात अजून एक फिक्स्चर येईल, शिवाय कुरियरवाल्याच्या हातून काचेची ट्यूब आख्खी येणं हा योगायोग. ते फिक्स्चर सध्या माळ्यावर आहे.

दुसरीकडे म्हणजे खारघरला जाताना बाबांना बरोबर नेलं. बाबा रेल्वेतून इलेक्ट्रिकल फिटर म्हणून रिटायर झाले, त्यांना टँकमध्ये काडीचा इंटरेस्ट नाही पण वायर दिसली की ते तरुण होतात. तिथे मेटल हॅलाइड (स्टेडियमवर असायचे तसले प्रखर दिवे) होतं, अडीचशे वॅटचे दोन, चोकसकट. मेटल हॅलाइडचा उजेड काय असतो हे शब्दांत सांगता येत नाही, पाण्यात त्या लाटांच्या सोनेरी रेषा थरथरतात तळाला, एलईडीवाले कितीही म्हणू देत तसं होत नाही, आणि मी मनातल्या मनात घेऊन टाकलाच होता. मुलगा म्हणाला, "काका, ओरिजिनल अमेरिकेचा माल आहे, जिजाजींनी न्यू जर्सीवरून आणलाय." बाबांनी चष्मा लावला, चोक उलटा केला, स्टिकर वाचला आणि तो होता तसा परत ठेवून दिला. "एकशेवीस व्होल्ट. आपल्याकडे दोनशेतीस येतात. लावला तर जिजाजींकडेच परत जाईल."

मुलगा म्हणाला ट्रान्सफॉर्मर लावा ना काका, मिळतो. बाबा म्हणाले, "मिळतो की. टँक त्याच्यावरच ठेवू, स्टँड नको." मग उभ्या उभ्या हिशोब केला त्यांनी, अडीचशे दुणे पाचशे, आठ तास, रोजचे चार युनिट, महिन्याचे एकशेवीस. महावितरणचा दर शंभर युनिटच्या पुढे चढतो आणि आमचं घर तिथे आधीच पोचलेलं, म्हणजे हे सगळे एकशेवीस वरच्याच दराने. आणि हे दिवे तापतात, पाणी गरम होतं, कोरलला पाहिजे पंचवीस-सव्वीस डिग्री आणि मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये माणसंच उकडलेली असतात, म्हणजे वर चिलर आला, त्याचं बिल वेगळं. परतीच्या गाडीत बाबा फार खुशीत होते.

तिसरा ऐरोलीचा, एलईडी, हाच शेवटी घेतला. पण इथे उलटंच झालं, मी लाइट बघायला गेलेलो आणि त्याने माझीच तपासणी सुरू केली. टँक केवढा, किती वर्षांचा, सॅलिनिटी म्हणजे खारटपणा किती ठेवता, एक पॉइंट झीरो पंचवीस म्हणल्यावर जरा मान हलवली, आरओ बरोबर डीआय (उरलेसुरले क्षार काढणारा फिल्टर) आहे का, लाइट लटकवणार का स्टँडवर, पाण्यापासून किती इंच. त्याचं लग्न ठरलेलं, हॉलमध्ये टँकच्या जागी सोफा येणार होता, तो रिकामा टँक आणि त्याच्यावर चालू लाइट असं बघत आम्ही दोघं बसलो होतो. मग तो प्रश्न आला, कोरल काय काय आहेत. मी खरं ते सांगितलं: मशरूम, थोडे झोआ, एक लेदर (ही कोरलचीच नावं). आपल्याकडे कडक सांगाड्याचं कोरल वन्यजीव कायद्याच्या शेड्युल एकमध्ये आहे, २००१ पासून, म्हणजे कागदावर त्याचा दर्जा वाघाच्या बरोबरीचा, त्यामुळे मी मऊ कोरलवरच थांबतो. त्याचा चेहरा पडला. "दादा, मशरूमला सावली लागते. मशरूमसाठी हा लाइट?"

आता हे मला माहीत होतं. मशरूमला पन्नासेक पार (शैवालाच्या कामाचा उजेड मोजायचं माप) खूप झाला, आणि हा लाइट जोर लावला तर चारशे देतो. पण ज्याला पंख्याचा रेग्युलेटर पाचवर असल्याशिवाय चैन पडत नाही अशा घरातल्या माणसाने चाळीस टक्क्यावर चालवायचा का होईना, लाइट मोठाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. मी खिशातून फोन काढून लक्स मोजायचं अ‍ॅप चालू केलं तर तो चक्क हसला. बरोबरच होतं त्याचं, लक्स म्हणजे माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो ते, निळा त्याच्यात जेमतेम धरतात, म्हणजे ज्या रंगासाठी पैसे मोजायचे तोच सोडून बाकीचा मोजायचा. पार मीटर वेगळा असतो, चांगला घ्यायचा तर पाचशे डॉलरच्या वर, आणि तेवढे पैसे असते तर मी ऐरोलीत कशाला बसलो असतो.

भावताव झालाच नाही म्हणा ना. मी म्हणलं लास्ट किती, त्याने आकडा सांगितला, मी जरा कमी बोललो, तो लाइटकडे बघून गप्प बसला. मग कोण कमी करायला लावणार.

घरी बाबांनी आल्या आल्या अ‍ॅलन की लावून खोलला. आत फॅनच्या पात्यांवर पांढरं मीठ, कनेक्टरवर हिरवं गंजलेलं तांबं, फॅन फिरायचा पण मधेच करकर आवाज करून थांबल्यासारखा करायचा. त्यांनी टूथब्रश आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते पिण्याचं नव्हे, सर्किट पुसायचं) सगळं साफ केलं, फॅन काढून कॉम्प्युटरचा नवीन बारा व्होल्टचा टाकला, सिरीज बोर्डवर लावून बघितला, लागला. संध्याकाळी टँकवर चढवला, चाळीस टक्के, मशरूम हळूच आक्रसले आणि मग पसरले, सगळं छान.

रात्री एकला हॉलमध्ये सूर्य उगवला. अख्खा, शंभर टक्के, निळा-पांढरा, बेडरूमच्या दाराखालून उजेड आत. बायको उठून बसली, "अरे काय पेटलं बघ!" मासे भांबावून एका कोपऱ्यात, मशरूम मिटून सुपारीएवढे. तर तो ऐरोलीचा मुलगा कॉल सेंटरला नाइट शिफ्ट करायचा, त्याचा दिवस रात्रीच असायचा, आणि त्याचं वेळापत्रक लाइटच्या पोटात तसंच बसलेलं, मी हाताने चाळीसवर ठेवला होता ते त्याने आपल्या टायमाला पुसून टाकलं. रीसेट करावा तर जुन्या मालकाचा पासवर्ड. रात्री एकला त्याला मेसेज केला आणि त्याचा लगेच रिप्लाय आला, जागाच होता ना तो.

तोपर्यंत खालून वॉचमनने शिट्टी मारली होती, समोरच्या बिल्डिंगमध्ये दोन खिडक्या उघडल्या होत्या. सकाळी सेक्रेटरी आले, आत बघत बघत, तुमच्याकडे रात्री काही कार्यक्रम असतो का म्हणून. कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं की असल्या जांभळ्या लाइटखाली घरात गांजा लावतात, व्हिडिओ पण सोबत होता. मी त्यांना टँक दाखवला. त्यांनी मशरूमकडे बराच वेळ बघितलं आणि हे खातात का असं विचारलं.

त्या ऐरोलीवाल्याचे मेसेज नंतर येतच राहिले, लाइट कसा आहे, किती टक्क्यावर चालवताय, फोटो पाठवा ना एक. लग्नाची पत्रिका पण पाठवली त्याने. आणि परवा रात्री जेवताना त्याचा फोन. दादा, तुमच्याकडे ठेवलेला तो लाइट. मी म्हणलं, ठेवलेला? तो म्हणाला म्हणजे घेतलेला, घेतलेला, तर झालंय असं की मिसेसला पण मासे आवडतात, मला माहीतच नव्हतं, तिच्या वडिलांकडे लहानपणी टँक होता, तर सोफा विकतोय आम्ही. लाइट परत द्याल का, त्याच किमतीला, लगेच येतो घ्यायला. मी काही बोलायच्या आत समोरून बाबा पानावरून मान न उचलता मोठ्याने म्हणाले, "नवीन फॅन टाकलाय म्हणावं त्यात. त्याचे अडीचशे वेगळे. साफसफाईचे पण सांग."