भिक्खू म्हणजे संन्यासी नव्हे

वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात भिक्खूंनी एकाच ठिकाणी राहण्याचा काळ, सुरू झाला की वर्तमानपत्रांत चीवर म्हणजे भिक्खूचे वस्त्र ल्यालेल्या भिक्खूंची छायाचित्रे येतात आणि त्यांखाली ‘बौद्ध संन्यासी’ किंवा ‘बौद्ध साधू’ असे छापलेले आढळते. इंग्रजीतला ‘मंक’ मराठीत आणताना हाताला लागेल तो शब्द वापरायचा, असा हा प्रकार आहे आणि मला तो खटकतो.

‘मंक’चे मूळ ग्रीक ‘मोनाखोस’मध्ये आहे, त्याचा अर्थ एकटा राहणारा. संन्यासी म्हणजे सर्व टाकून दिलेला. ‘भिक्खू’ या शब्दात मात्र भिक्षा आहे, म्हणजे देणारा कोणीतरी समोर असणार हे त्यातच गृहीत आहे. विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचे, नियम हे अवलंबित्व जाणूनबुजून घट्ट करतात. भिक्खूने जमीन खणू नये, सोने-रुपे घेऊ नये, आजचे अन्न उद्यासाठी ठेवू नये, माध्यान्हानंतर जेवू नये, आणि पाणी व दातवण वगळता कोणी दिल्याशिवाय काहीही तोंडात घालू नये.

हा शेवटचा नियम मी लहानपणी आत्याच्या घरी भोजनदानाच्या दिवशी पाहिला. बारा वाजत आले होते, आत्या आत भाजी काढत होती आणि केळ्यांचे ताट भंतेजींपासून हातभर अंतरावर होते. ते संकोचत असावेत असे वाटून मी म्हणालो, “भंतेजी, घ्या ना.” ते हसून म्हणाले, “तू दिलेस तर घेईन.” मी ताट दोन्ही हातांनी उचलून पुढे केले, तेव्हा कुठे त्यांनी केळे सोलले.

अर्थात नुसते मागणे म्हणजे भिक्खूपण नव्हे, हे धम्मपदातच स्पष्ट सांगितले आहे: ‘न तेन भिक्खु सो होति यावता भिक्खते परे’. आपल्याकडे त्याच धातूवरून आलेला ‘भिकारी’ हा शब्द शिवी झाला आणि ‘भिक्षुक’ दक्षिणा घेऊन पौरोहित्य करू लागला, त्यामुळे ‘भिक्खू’ लिहिताना संपादकांना अवघडल्यासारखे होत असेल, तर ते मी समजू शकतो.

पण नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यातील शिलालेख वाचावा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, 2000 कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक या व्याजाने कायमचे ठेवले. वर्षाचे व्याज 240 होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 मिळतात. हिशेब पैपर्यंत जुळतो. मुद्दल विणकरांकडेच राहते, भिक्खूंच्या वाट्याला फक्त व्याज येते. त्या लेखात ‘लेण’ आणि ‘भिखु’ हे दोन्ही शब्द आहेत. पहिला आपण आजही जवळजवळ तसाच बोलतो. दुसरा मात्र इंग्रजीचा फेरा मारून परत येताना साधू झाला आहे.