उंदरासाठी न्यायालय, टेकोड्यांचं काय?

आज सकाळी ई-क्लासवर, म्हणजे गावच्या सरकारी चराईच्या जागेवर, जेसीबी उभा. विचारलं तर म्हणे, वृक्षारोपणाचे खड्डे. ऐन गवतात, वारुळं फोडून! उद्या सगळ्यांच्या स्टेटसला रोपासोबत फोटो. लावा बाप्पा, लावा.

पावसाळ्यात जिथं टेकोडे (वारुळाजवळ उगवणाऱ्या, भाजीच्या छत्र्या) निघतात, ती जागा यांना पडीत दिसते. टेकोड्याभोवतीची माती उकरून पाहा, दांडा निमुळता होत खाली थेट उधळीच्या (वाळवीच्या) घरात जातो. उधळीच तिथं ही बुरशी पोसते. ते घर फुटलं की भाजी विसरा.

आमचे आबाजी वारूळ आलं की वखर बाजूनं काढायचे. निसर्गप्रेम वगैरे काही नाही, टेकोडे आवडायचे आणि नागाची भीती. तेच आबाजी उंदराच्या बिळात गवरीचा धूर सोडायचे. हरभरा उंदरानं नेला तर कोणी भरून देत नाही, हेही खरंच.

युरोपात रानटी हॅमस्टरला, म्हणजे उंदराच्याच जातीच्या प्राण्याला, असंच पिकाचा वैरी म्हणून मारलं. 2020 मध्ये आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेनं धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं. पूर्वी मादीला वर्षाकाठी वीसच्या वर पिल्लं व्हायची, आता पाच-सहा. फ्रान्समधल्या प्रयोगात तर मक्यावर ठेवलेल्या माद्यांनी स्वतःचीच पिल्लं खाल्ली. (आपल्याकडं सोयाबीन, सोयाबीन आणि सोयाबीन.) हा प्राणी नीट जपला नाही म्हणून 2011 मध्ये युरोपच्या न्यायालयानं फ्रान्सला दोषी धरलं. उंदराच्या जातीसाठी!

तिकडच्याच गवताळ रानातली पिंक वॅक्सकॅप नावाची छत्री त्याच यादीत 'असुरक्षित' आहे. त्या हॅमस्टरपेक्षा दोन पायऱ्या बरी, पण नांगर फिरला, खत पडलं की तीही जाते. गुलाबी आहे म्हणून निदान फोटो तरी निघतो तिचा. आमचे टेकोडे मातकट! जगात दीड लाखावर बुरशींना नावं आहेत, पण 2025 च्या मार्चपर्यंत लाल यादीसाठी तपासल्या फक्त 1,300 च्या आसपास. त्यातल्या 411 धोक्यात. बाकीच्यांकडं कोणी पाहिलंच नाही.

झाडं नकोत असं नाही. पण आबाजींचा वखर वळायचा, मग जेसीबी काऊन वळत नाही?

वळला म्हणा एकदा. ऑपरेटर आपल्याच गावचा पोरगा, त्याला काय बोलणार. एक वारूळ दाखवलं तर बकेट वर घेतली त्यानं. म्हणाला, "माही माय इथूनच आणते टेकोडे, भाऊ."

ग्रामसभेत बोलणार आहे मी. रोपं नाल्याच्या काठानं लावा, शाळेच्या कुंपणाला लावा. आणि ते गुलमोहर तर आणूच नका.