आश्रयदाता कसला, मंडळीतलाच गडी!

तुमच्या लेखात अमेरिकन चित्रकार रॉबर्ट रॉशेनबर्गला नर्तक-नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅमच्या नृत्यमंडळीचा ‘आश्रयदाता’ म्हटलंय, तेवढं खटकलं. आश्रयदाता म्हटलं की लोडाला टेकून बसलेला संस्थानिक डोळ्यांपुढे येतो. चित्रं विकून त्याने पैसे उभे केले हे खरंच, पण १९५४ पासून दहा वर्षं नेपथ्य, कपडे, पुढे प्रकाशयोजनाही तोच बघायचा. ‘स्टोरी’ या नृत्याला तर ठरलेलं नेपथ्यच नव्हतं. थिएटरच्या आसपास जे काही सापडेल, त्यातून दर प्रयोगाला नवं उभं करायचं. १९६४ च्या जगदौऱ्यात इंग्लंडमधल्या डार्टिंग्टनला तो आणि त्याचा मदतनीस अ‍ॅलेक्स हे (Alex Hay) असे दोघं चक्क रंगमंचावर शर्टांना इस्त्री करत उभे राहिले, तेच नेपथ्य! (आमच्या हौशी नाटकात प्रयोग सुरू असताना इस्त्री दिसली असती तर दिग्दर्शकाने तीच फेकून मारली असती.) याच दौऱ्यात मंडळी मुंबई-अहमदाबादलाही आली होती, ते लेखात हवं होतं.

आणि मंडळीचा संगीतकार जॉन केज, त्याला विसरलात की! इटलीच्या टीव्हीवर अळिंबीवरच्या प्रश्नमंजूषेत जिंकलेल्या पैशांतून त्याने मंडळीसाठी फोक्सवॅगनची गाडी घेतली. सुरुवातीचे अमेरिकेतले दौरे त्याच गाडीतून, सामानासकट दाटीवाटीने.